पित्ताच्या वाटेवरची पाहुणी

मी एक नळी बोलतेय. नळी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर सलाईनची, नाहीतर बागेत पाणी घालायची लांबलचक नळी येत असेल. मी त्यातली नव्हे. मी बोटाएवढी लांब, पेनाच्या रिफिलीएवढी जाड आणि किंचित वाकडी. वाकडेपणाबद्दल कुणी नाक मुरडू नये, मला मुद्दाम तसं घडवलंय. दोन्ही टोकांना बारीक पाती आहेत, कानांसारखी. ती ऐकायला नाहीत, जागेवरून घसरू नये म्हणून आहेत. तरी आत बसून ऐकू मात्र मला सगळं यायचं, आणि त्याचाच मला फार त्रास झाला.

दवाखान्यात मला स्टेंट म्हणतात. माझं काम एकच. यकृतात तयार झालेलं पित्त ज्या वाटेनं आतड्यात उतरतं ती वाट खड्यानं अडली, की खड्याच्या कडेनं आत शिरायचं आणि पित्ताला आपल्या पोटातून वाट करून द्यायची. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथं सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात, नुसते डोळे उघडे. कुणाला शिंक आली तर आधी बाहेर जायचं, मग शिंकायचं. इतकं सोवळं पाळून मला पाकिटात बंद केलं आणि एका मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीच्या खोलीतल्या कपाटात आणून ठेवलं. आम्ही तिथं बऱ्याच जणी होतो. त्यात एक जुनी नळी होती, वापरायची तारीख उलटत आलेली. ती सारखी उपदेश करायची.

"आपण पाहुण्या आहोत, विसरू नका गं. तीन महिने राहायचं आणि निघायचं. जास्त राहिलात तर गाळ साठतो, तोंड बुजतं, आणि जिला वाचवायला गेलात तिच्याच जिवावर उठता."

मी कानाडोळा केला. म्हटलं, हिला कुणी उचललं नाही म्हणून कुरकुरतेय.

मग एक दिवस स्ट्रेचरवरून एका बाईला आत आणलं. पाकिटातून मला दिसत नव्हतं, पण तिचे दात वाजत होते ते ऐकू येत होतं. ती कपडे शिवायची. नवे थोडे, जुने जास्त. कुणाची पँट आखूड कर, कुणाची कंबर सैल कर, कुणाची चेन बदल. तिचं छोटं दुकान होतं आणि सगळी गल्ली तिला टेलरताई म्हणायची. पित्ताशयात खडे होते म्हणे बरीच वर्षं. पोटात कळ आली की ती म्हणायची, "गॅस झालाय," आणि पुन्हा मशीनवर बसायची. मग त्यातला एक खडा घरंगळत खाली आला आणि पित्ताच्या वाटेत रुतून बसला. बाई पिवळी पडली. अंगाला इतकी खाज सुटली की कापडावर रेघा मारायच्या लाकडी पट्टीनं ती पाठ खाजवायची. पुढे हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा लेकीनं उचलून दवाखान्यात आणलं.

"कापणार नाहीत ना?" ती खाटेवरून सारखं विचारत होती.

"नाही गं. नुसती दुर्बीण घालतात तोंडातून," तिचा नवरा म्हणाला. तो बस चालवायचा, आवाज दमदार होता, पण तेव्हा त्या आवाजात पाणी होतं.

तिच्या त्या भीतीमागे कारण होतं. बाईची थोरली बहीण पोटाच्या ऑपरेशनला म्हणून घरातून गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून तिनं नवऱ्याला बजावलं होतं, काही झालं तरी मला कापायला नेऊ नका.

भूल दिली, दुर्बीण आत गेली. बारीकसारीक खडे निघाले, एक मोठा मात्र हटेना. डॉक्टर म्हणाले, "आज हट्ट नको. आत पू झालाय, पेशंट दमलीय. नळी टाकू. ताप उतरू दे, अंग धरू दे, मग हा खडाही काढू आणि पित्ताशयही." चर्रकन पाकीट फाटलं आणि दुर्बिणीच्या पोटातून मला अंधारातच पुढे सरकवलं.

तो पहिला दिवस मी कधी विसरणार नाही. त्या आडमुठ्या खड्याला खेटून मी आत गेले, आणि इतके दिवस तुंबलेलं काळपट हिरवं गढूळ पित्त माझ्या पोटातून भसाभस वाहायला लागलं. डॉक्टर नुसते "हं, छान" म्हणाले. मला मात्र आकाश ठेंगणं झालं.

ताप उतरला. खाज थांबली. थोड्याच दिवसांत बाई घरी आली आणि दुकानात जायला लागली. आतल्या आत बसून मी तिचा सगळा संसार ऐकायची. मशीनची खडखड, कात्रीची करकर. बाईला कापडाशी बोलायची सवय. "ये गं, सरळ ये, का छळतेस?" असं ती साटीनला म्हणायची. अडकलेल्या चेनला तर काय काय बोलायची ते मी इथं सांगत नाही. मधूनच गुणगुणायची, सुरात नसायचं, पण मला आवडायचं. पोटभर जेवली की माझं काम वाढायचं आणि मला बरं वाटायचं. तुम्ही हसाल, पण माझा तिच्यावर जीव जडला. ती मला "नळीताई" वगैरे म्हणत नव्हती. म्हणेल कशी? मी तिच्या पोटात आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

हो, खरं तेच सांगतेय. वॉर्डात डॉक्टरांनी तिला सगळं समजावलं होतं, पण तेव्हा ती भुलीच्या गुंगीत होती. मान डोलावली आणि झोपली. जाग आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, "काढले का हो खडे?" आणि त्या भल्या माणसानं सांगून टाकलं, "काढले, काढले. संपलं सगळं." ऑपरेशनचं नाव काढलं तर ही जेवणखाण सोडेल ही त्याला धास्ती. जरा वजन भरू दे, चेहऱ्यावर तजेला येऊ दे, मग सांगू असा त्याचा बेत होता. डॉक्टरांनी घरी सोडताना विचारलं, "सांगितलंय ना त्यांना सगळं?" तर हा म्हणाला, "हो तर."

पुढे त्यानं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. सकाळी चहा घेताना घसा खाकरायचा.

"अगं, ऐक ना."

"बोला."

"नाही, म्हटलं... चहात साखर टाकलीस ना?"

"तुम्हीच केलाय चहा."

"हां. मग टाकली असेल."

असं कितीदा झालं. शेवटी त्यानं लेकीला गाठलं. ती शाळेत शिकवायची आणि जवळच राहायची. "तूच सांग बाई. मायलेकींचं तुमचं जमतं." लेक म्हणाली, "बघते बाबा." आणि तिनं बघितलं काय, तर आई कशी छान गुणगुणत काम करतेय. तिचंही तोंड उघडेना. तिला वाटलं, शेवटी बाबाच सांगतील. याला वाटलं, लेकीनं सांगितलं असणार, आणि ही सगळं कळूनही शांत आहे म्हणजे तिनं मनाची तयारी केलीय, आपण कशाला विषय काढा? दवाखान्यातून फोन आला तेव्हा हा बसच्या दारात उभा राहून म्हणाला, "येतो, येतो, घरी बोलून कळवतो." घरी बोलला नाही तो नाहीच. हे सगळं मला पुढे त्यांच्या भांडणातून कळलं.

एकमेकांवर इतका जीव असलेली माणसं इतका घोळ घालू शकतात, हे मला कारखान्यात कुणी शिकवलं नव्हतं.

तीन महिने सरले. चौथाही गेला. मला आधी नुसतं जड वाटायला लागलं. मग आतून किटण चढलं, गाळ धरला. जिथं धार वाहायची तिथं ठिबकायला लागलं. कपाटातल्या त्या म्हातारीचं बोलणं तेव्हा आठवलं. मी जीव खाऊन वाट मोकळी ठेवत होते, पण नळीचा जीव तो केवढा! पित्त पुन्हा तुंबलं. एका दुपारी मशीन मध्येच थांबलं आणि बाईला हुडहुडी भरली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, उठ, दवाखान्यात जा, मला बाहेर काढ! पण माझं ओरडणं कोण ऐकणार?

बाईनं काय करावं? तापाची गोळी घेतली, स्वेटर घातला आणि पुन्हा मशीनवर बसली. नवऱ्याला एका अक्षरानं बोलली नाही. आरशात डोळे पिवळे दिसले, तेव्हा तिनं दुकानातला आणि घरातला पांढरा दिवा काढून पिवळा लावला. "पांढऱ्या उजेडानं डोळे दुखतात हो," म्हणाली. नवरा उजाडायच्या आत बसवर जायचा, दिवेलागणीनंतर यायचा. पिवळ्या दिव्याखाली सगळंच पिवळं, त्यात तिचे डोळे वेगळे कुठून दिसणार! लेक आली की ही पाठमोरी बसून शिवायची.

आणि कामाचा सपाटा तर विचारू नका. पुढच्या महिन्यात द्यायचे कपडे ती आत्ताच शिवून हातावेगळे करायला लागली. "एवढी घाई काय ताई?" गिऱ्हाईक विचारायचं. "पडून राहायला नको कुणाचं," ती म्हणायची. त्या बोलण्यानं माझ्या काळजाचं पाणी व्हायचं. नळीला काळीज नसतं हे मला माहीत आहे.

त्या दिवशी नवऱ्याची सुट्टी होती. तो डबा घेऊन दुकानात आला, आणि नेमकी तेव्हाच एक गिऱ्हाईक बाई मुलाचा शाळेचा शर्ट घेऊन परत आली.

"ताई, हे बघा ना. पांढऱ्या शर्टाला सायीच्या रंगाचा दोरा घातलाय तुम्ही."

"नजर चुकली असेल. ठेवा, उसवून देते."

गिऱ्हाईक गेलं. नवरा मात्र शर्ट हातात धरून उभा राहिला. बायकोची एक सवय त्याला पक्की ठाऊक होती. कापड आणि दोरा घेऊन ती दारात जायची, उन्हात दोन्ही शेजारी धरून रंग जुळवायची, आणि मगच मशीनला दोरा लावायची. घाईगर्दीतसुद्धा तिनं हे कधी सोडलं नव्हतं.

"तू दोरा दारात नेऊन बघितला नाहीस?"

"राहिलं असेल एखाद्या वेळी."

"तुझं? राहिलं? चल बघू दारात."

"कशाला? काम पडलंय माझं."

"चल म्हणतो ना." त्यानं तिचा हात धरला. "हात का एवढा तापलाय तुझा?"

"इस्त्री करत होते."

"इस्त्रीचं बटण बंद आहे."

दोघं दारात आली. रस्त्यावरून एक सायकल गेली, घंटी वाजली. नवरा पायरीवर मटकन बसला असावा, कारण त्याचा आवाज आला तो खालून आला.

"कधीपासून?"

"झाला असेल आठवडा."

"आणि मला बोलली नाहीस?"

"काय बोलू?" बाई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "तुमचे वडील गेले तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. मी दवाखान्यात होते तेव्हा तुम्ही जिन्यात बसून रडलात, लेकीनं सांगितलं मला. खडे तर सगळे काढलेत. तरी मी परत पिवळी झाले म्हणजे हे काहीतरी वेगळंच आहे, आता माझं काही खरं नाही. म्हटलं, तुम्हाला जितके दिवस सुखाचे मिळतील तितके मिळू देत."

"अगं, खडे काढलेलेच नाहीत!"

"काय?"

"म्हणजे काढलेत, पण सगळे नाही. मोठा आत आहे. त्याच्या शेजारी नळी घातलीय. तीन महिन्यांनी काढायची होती. आणि मग पित्ताशयाचं ऑपरेशन. तू घाबरशील म्हणून मी... मला वाटलं लेकीनं सांगितलं असेल. मी गाढव आहे."

माझा उल्लेख झाला! पहिल्यांदाच! पण आनंद करायची ती वेळ नव्हती. मला वाटलं, आता बाई कोसळते.

"माझ्या पोटात नळी आहे," ती सावकाश म्हणाली, "मोठा खडा निघेपर्यंत."

"हो."

"म्हणजे कच्चा टाका घातलाय डॉक्टरांनी."

"असंच काहीसं."

"असंच काहीसं नाही, तेच! पक्की शिलाई होईपर्यंत कच्चा टाका धरून ठेवतो, मग तो ओढून काढायचा असतो. कच्च्या टाक्यावर कपडा घालून मी एका तरी गिऱ्हाइकाला घरी पाठवलंय का आजवर? आणि तुम्ही मला पाठवलंत! पाच महिने मी कच्च्या टाक्यावर हिंडतेय!"

"ऑपरेशन म्हटलं असतं तर तू आली असतीस?"

"नसते आले! भांडले असते! रडले असते! तुम्ही ओढत न्यायचं होतंत!" आणि मग ती रडायला लागली, मध्येच हसायला लागली. "मी मरायची तयारी करत होते हो. सगळ्यांचे कपडे शिवून टाकले. आता पुढचा महिनाभर मी काय शिवू?"

सुटकेचं ते हसू मला आतून कळलं. अंगात ताप होता, पित्त तुंबलेलं होतं, तरी तिच्या पोटातली एक गाठ सुटली होती. ती काही माझ्या हातून सुटणारी नव्हती.

लेक धावत आली. "बाबा, तुम्ही सांगितलंच नव्हतं?" "मला वाटलं तू सांगितलंस." हे भांडण गाडीत बसेपर्यंत चाललं. शेवटी बाईच म्हणाली, "गप्प बसा दोघं. पोट माझं आहे."

दवाखान्यात सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर नवऱ्याकडे बघत म्हणाले, "काका, पोट यांचं, नळी यांची, आणि माहिती तुमच्या खिशात? आणखी थोडा उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं."

"त्यांना रागावू नका," बाई म्हणाली. "माझं रागावून झालंय. आता काय काय करणार ते मला सांगा. सगळं सांगा. कापणार असाल तर तेही."

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. ती ऐकत राहिली, मध्येच प्रश्न विचारत राहिली. छातीची धडधड मला ऐकू येत होती, पण आवाज स्थिर होता.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण आली. तारेचा फास माझ्याभोवती आवळला आणि मी निघाले. आतड्यातून, पोटातून, घशातून, आणि एकदम लख्ख उजेडात. जिच्या आत पाच महिने राहिले तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला. रुंद कपाळ, मिटलेले डोळे, गळ्याभोवती मोजायच्या टेपची जुनी खूण. इतकी साधी आणि इतकी सुंदर बाई मी पाहिली नाही. तशा मी पाहिल्यात तरी किती म्हणा!

माझ्यामागून तो आडमुठा खडाही जाळीत धरून चुरडला, वाट धुऊन स्वच्छ केली. "दुसरी नळी लागणार नाही," डॉक्टर म्हणाले. माझ्या जागी कुणी नको हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला भरून आलं ते आनंदानं.

आता मी एका स्टीलच्या ट्रेमध्ये पडलेय. काळी ठिक्कर, तोंड बुजलेलं, कुणी हातात घेणार नाही अशी. सिस्टर इतर सामान आवरतेय. ते झालं की मला पिवळ्या पिशवीत टाकतील आणि मग भट्टीत. मला त्याचं काही वाटत नाही. तुमच्यापाशी एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाच्या पोटात माझी एखादी बहीण असेल, तर ज्याचं पोट त्याला आधी सांगा. तो रडेल, भांडेल, दोन घास कमी खाईल. खाऊ दे. घाबरलेल्या माणसाला हाताला धरून नेता येतं. ज्याला काही सांगितलंच नाही तो एकटाच घाबरत बसतो, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

पडद्यापलीकडे बाई अजून भुलीत आहे. नवरा खुर्ची ओढून तिच्या कानाशी बसलाय आणि बोलतोय.

"ऐकतेस का? खडा निघाला. नळी निघाली. पण संपलं नाही हं. चार दिवसांनी पित्ताशय काढणार आहेत. पोटाला भोकं पाडून. भूल देऊन. ऐकलंस?"

तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. खडा निघाला, नळी निघाली, पण संपलं नाही हं.

"काका, त्यांना जागं तर होऊ द्या," सिस्टर हसते.

"नको. मागच्या खेपेला मी वाट बघत बसलो होतो."

तो तिसऱ्यांदा सांगायला लागतो. सिस्टर ट्रे उचलते. आम्ही दारापर्यंत पोचतो न पोचतो तोच मागून बाईचा आवाज येतो, घोगरा, झोपाळलेला.

"पहिल्याच वेळी ऐकलं हो मी. तुम्ही सांगत होतात ते बरं वाटत होतं, म्हणून पडून राहिले. सांगा अजून एकदा."

दार लागतं. त्याचा सांगण्याचा आवाज बाहेर अजून थोडा वेळ येत राहतो. येते मी.